मामाच्या काट्यावरचे अठ्ठावन्न किलो

८ ऑक्टोबर २००५, शनिवार. संध्याकाळी अंगणात बसून मी सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. बाबा पोत्याचे दोन्ही कान धरून तोंड घट्ट ओढायचे आणि मी दाभणाने सुतळी घालायची, असं ते काम चाले. त्याच दिवशी सकाळी मी अमरावतीला कबड्डीच्या विभागीय स्पर्धेला गेले होते आणि न खेळता परत आले होते. घरात कुणी काही विचारलं नाही. माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. आईने चहा दिला, बाबांनी दाभण दिलं.

पोती दुसऱ्या दिवशी मामाच्या दुकानावर जायची होती. मूर्तिजापूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आईच्या भावाचं धान्य खरेदीचं दुकान होतं. आसपासच्या गावांतले लोक त्याला मूग, सोयाबीन, तूर विकायचे आणि त्याच्याकडूनच बियाणं आणि जनावरांसाठी सरकीची ढेप घेऊन जायचे. आमचं गाव तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. आमचं धान्य माझ्या जन्माआधीपासून त्याच दुकानात जात होतं.

मी का खेळले नाही हे सांगायचं तर जूनपासून सांगावं लागेल.

जूनमध्ये मी अकरावीला गेले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि जाड होते. आई 'अंगानं भरलेली' म्हणायची. कॉलेजातली पोरं 'पोतं' म्हणायची, आणि ती नेमकं बोलत होती. आमच्यासारख्या घरात जाड होणं अवघड नव्हतं. सकाळी कामाला जायचं म्हणून पोटभर भाकरी, दुपारी डब्यात तेल सोडलेली भाजी, संध्याकाळी वरणावर पुन्हा तेलाची धार. उपवासाच्या दिवशी तर साबुदाणा, शेंगदाणे आणि आलू यांचंच राज्य. मी सोमवार आणि शनिवार दोन्ही धरत होते.

कॉलेजात खेळाच्या नव्या मॅडम आल्या होत्या. एकदा सरावाला एक मुलगी कमी पडली म्हणून त्यांनी मला मैदानाच्या कडेवरून ओढून आत उभं केलं. मी आयुष्यात कधी खेळले नव्हते. चढाईला आलेल्या मुलीचा पाय माझ्या हाताला लागला तो मी धरला आणि ती सुटेना. ती ओढत होती, मी आपली बसून होते. मॅडमनी शिट्टी वाजवली आणि पुन्हा तेच करायला लावलं. पुन्हा तेच झालं. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"वजन किती आहे तुझं?"

"माहीत नाही."

"आपल्या गटाला अट आहे. साठ किलोच्या आत. आलीस तर डावा कोपरा तुझा."

मला तोवर कुणी काही देऊ केलं नव्हतं. डावा कोपरा म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं, पण तो मला हवा होता.

वजन करायचं कुठे हा पहिला प्रश्न. आरोग्य केंद्रात बाळांना टोपलीत घालून तोलायचा काटा होता. स्टेशनवर यंत्र होतं, त्याचे दिवे लागत, चकती फिरे, पण तिकीट काही पडत नसे. उरला मामाचा काटा. पोती ठेवायचा लोखंडी पाटा, शेजारी उभा खांब, वर आडवी दांडी आणि दांडीच्या टोकाला लटकवायची ओतीव बिडाची गोल वजनं. रोज त्यावर कितीतरी पोती चढायची. त्याच्याहून खात्रीचा काटा कुठला असणार, असं मला वाटलं.

पहिल्यांदा चढले तेव्हा दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. मामा मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने मला पोत्यासारखंच तोललं आणि पोत्यासारखंच ओरडून सांगितलं.

"अडुसष्ट! काय वो भाची, बारदान्यासकट का बारदाना सोडून?"

सगळे हसले. मीही हसले. आठ किलो उतरवायचे होते.

मी तेलाची धार बंद केली. एका वेळी एक भाकरी, पातळ वरण, कच्चा मुळा नाही तर काकडी, मोड आलेले मूग. चहात साखर नाही. दोन्ही उपवास सोडले. त्यावरून आईने चार दिवस अबोला धरला. "लोकं बारीक व्हायसाठी उपास धरतात, ही सोडून राहिली," असं ती भिंतीला सांगायची. मी भिंतीला सांगितलं की उपवास करूनच मी अशी झाले.

आणि सकाळी धावायला लागले. गावाबाहेर शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीचा अरुंद रूळ होता, त्याच्या कडेने पायवाट. गाडी दिवसातून कधीतरी यायची, त्यामुळे वाट मोकळीच. पण सोळा वर्षांची पोरगी अंधूक उजेडात एकटी धावते म्हटल्यावर गावात तोंडं हलली असती. म्हणून बाबा सायकल घेऊन मागे यायचे. ते कधी पुढे आले नाहीत, काही बोलले नाहीत. मागे चेन वाजत राहायची. मी थांबले की चेन थांबायची. मी वाकून श्वास घेत असले की ते दुसरीकडे बघत राहायचे. परत आल्यावर बैलाच्या कासऱ्याने दोरीवरच्या उड्या. कासरा जड असतो, त्यामुळे हात भरून यायचे. बाबांनी त्याच्या टोकांना माझ्या मुठीच्या मापाच्या गाठी मारून दिल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी मामाच्या दुकानात वजन. सदुसष्ट, पासष्ट, मग बरेच दिवस चौसष्टवर अडकले, मग पुन्हा उतरू लागले. मामाला माझ्याहून जास्त हुरूप. मी दिसले की रांगेतलं पोतं बाजूला सारायचा. "हटा गा जराशे. माही भाची चढून राहिली." आकडा ओरडून झाला की वर म्हणायचा, "मामाच्या काट्यावर पोरगी कशी हलकी होते पाहा."

एकदा रांगेतला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "इथं सारंच हलकं होते, बाई. आमची तूर बी होते."

सगळे मोठ्याने हसले. मामाही हसला. मला वाटलं, ओलीबद्दल बोलतोय. धान्यात ओल असली की वजनातून कापतात, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मीही हसले.

सप्टेंबरमध्ये मी सत्तावन्नवर आले. कॉलेजचा ड्रेस आईने दोन्ही बाजूंनी आत घेतला. पोरांना 'पोतं' म्हणायची सवय होती म्हणून ती म्हणत राहिली, पण आवाजात आता दम नव्हता. मॅडम दर आठवड्याला आकडा विचारायच्या, मी सांगायचे, त्या मान डोलवायच्या. बाकीच्या मुली मुळातच काटक्या, त्यांची काळजी नव्हती. माझी होती, आणि माझा आकडा बरोबर चालला होता.

स्पर्धेच्या आधी काही दिवस माझी पकड ढिली पडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "अंगात ताकद राहिली नाही तुझ्या. तीन किलो हातात आहेत ना? एक भाकरी वाढव." आईला तेवढंच हवं होतं. तिने त्या संध्याकाळी पाटवड्या केल्या. मी खाल्ल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी मामाच्या काट्यावर अठ्ठावन्न भरले. दोन किलो अजूनही मोकळे होते.

अमरावतीला मैदानाशेजारच्या एका हॉलमध्ये वजनं होती. काचेच्या पाट्याचा नवा काटा, लाल आकडे. समोर टेबलावर एक बाई आणि तिच्या हातात पेन. आमच्या मुली एकामागून एक चढल्या, उतरल्या. मी चढले. लाल आकडे थोडे हलले आणि थांबले.

"एकसष्ट," बाई म्हणाली. "पुढची."

मी म्हटलं, पुन्हा बघा. तिने पुन्हा बघितलं. मी कानातलं काढलं, ओढणी काढली, केसांतल्या पिना काढल्या. एकसष्ट. मागे भातकुलीकडच्या मुलींची रांग होती. तिथून एक म्हणाली, "ताई, उतर वो, आमच्यासाठी तं ठेव काटा." तिच्या मैत्रिणी हसल्या. माझ्या संघातलं कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

बाकीच्या संघांची वजनं होईपर्यंत वेळ होता. मॅडमनी आपला स्वेटर काढून दिला. बसमध्ये सकाळी गार लागतं म्हणून त्यांनी तो आणला होता. मी तो घालून ऑक्टोबरच्या उन्हात मैदानाला फेऱ्या मारल्या. पाण्याचा घोट घेतला नाही, उलट थुंकत राहिले. परत चढले तेव्हा साठ आणि वर जवळजवळ अर्धा. टेबलावरची बाई वाईट नव्हती. तिने जरा वेळ आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "साठ म्हणजे साठ, बेटा."

मॅडम मला भिंतीकडे घेऊन गेल्या.

"खोटं कशाला सांगितलंस?"

"नाही सांगितलं. अठ्ठावन्नच भरलं होतं."

"कुठे?"

"मामाच्या काट्यावर."

"मामाच्या काट्यावर," त्या म्हणाल्या आणि माझ्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव द्यायला गेल्या. ती मुलगी चांगली होती, पण कोपऱ्याला कधी उभी राहिली नव्हती. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा त्याच कोपऱ्यातून हरलो. मी बाटल्या धरून बसले होते. परतीच्या एसटीत आमची कॅप्टन माझ्या पुढच्या सीटवर होती. मान न वळवता ती म्हणाली, "खरं सांगतलं असतं तं तिले महिनाभर आधी उभी केली असती आमी."

तर ती संध्याकाळ, ती पोती.

बरीच शिवून झाली तेव्हा मी म्हटलं, "अमरावतीचा काटाच बिघडला असन."

बाबांनी पुढच्या पोत्याचे कान धरले.

"काल मामाच्या काट्यावर अठ्ठावन्न होती मी. एका रातीत तीन किलो कसे वाढतीन?"

"नाई वाढत."

"मंग?"

बाबांनी तोंड ओढून धरलं. "अमरावतीचा बरोबर असन," ते म्हणाले. "शिव."

मी शिवलं नाही. मग बैलाच्या दुखण्याबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मामाकडे वजनांचे दोन संच होते. घ्यायची वजनं वेगळी, विकायची वेगळी. घ्यायच्या वजनांना खालून भोक पाडून आत शिसं भरलेलं. वजनच जड असल्यामुळे दांडी लवकर तोलायची आणि पोतं कमी भरायचं. साठाच्या पोत्यामागे तीन किलो.

"कवापासून माहीत हाय तुमाले?"

"लग्नापासून."

"मंग आपला माल तिथंच काहून नेता?"

"सोयऱ्याचा काटा कोणी तपासते का, बाई?" ते म्हणाले. "सोयरीक मोडते. अन् तो आपली ओल कापत नाई. कधी माल परत पाठवत नाई. बाजार समितीच्या यार्डात गेलं तं पोत्यावर राती काढा लागते. ते सारं धरून चालते हे."

"बाकीच्याइले बी माहीत हाय?"

"साऱ्याइले माहीत हाय."

म्हाताऱ्याची तूर मला तेव्हा कळली. दुकानातलं ते सगळं हसणं कळलं.

"अन् मी चढत होती तवा?"

बाबा उठले. अंगणात शेळी होती, तिला हाकललं. परत येऊन पोत्याचे कान धरले.

"पयल्या टायमाले ध्यानात नाई आलं. मंग आलं. पण तू पयत होती, खानं सोडलं होतं, तिथून हसत येत होती. म्हटलं, उमेद हाय पोरीले, तं राहू द्या. अन् सांगतलं असतं तं तू तिथं चार लोकात बोलली असती."

आई दारात उभी राहून ऐकत होती हे मला तेव्हा दिसलं.

"माह्या भावाचा काटा मधात काहून आणता?" ती म्हणाली. "बारीक झाली ना पोरगी? काम तं झालं."

"तुले बी माहीत होतं?"

"माहेर हाय ते माहं. मले नाई तं कोणाले माहीत असन?"

एवढं म्हणून ती आत गेली. भाकरी थापायचा आवाज सुरू झाला.

दोन पोती राहिली होती, ती मी शिवली. काम अर्धं टाकून उठायची मला सवय नाही. शिवताना मी हिशोब लावत होते. मामा सगळ्यांनाच कमी तोलत होता. मी चढले म्हणून गिऱ्हाइकांसमोर त्याने वजनं बदलली असती तर त्याचा धंदा बसला असता. त्याने माझ्यासाठी वेगळं काही केलं नव्हतं. वेगळं केलं होतं बाबांनी. गावातल्या झाडून सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी एका माणसापासून लपवली होती, आणि ते माणूस रोज सकाळी त्यांच्या सायकलीच्या पुढे धावत होतं. सांगितलं असतं तर मी भाकरी वाढवली नसती. तीन किलो आणखी उतरवायला मला वेळ होता. अडुसष्टवरून उतरले होते, तर तेही उतरले असते. ते मला जमत होतं. एवढी एकच गोष्ट मला जमत होती.

आता मी तेव्हाच्या बाबांच्या वयाची झाले आहे, आणि घरात शांतता राहावी म्हणून माणूस काय काय पोटात ठेवतो हे मला चांगलं ठाऊक आहे. पण त्याने त्या संध्याकाळचा राग कमी झाला असं मी म्हणणार नाही. झाला नाही. मॅडम वर्षभर मला 'मामाचा काटा' म्हणून हाक मारत होत्या आणि मी ओ देत होते.

रविवारी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठले. बाबा सायकल काढत होते. मी म्हटलं, "सायकल राहू द्या." रुळाच्या कडेने एकटी धावून आले. बाया तोंडात दातवण धरून बघत होत्या, बघू दिलं. कासऱ्याने उड्या मारल्या, त्यांनी मारलेल्या गाठी सोडून टाकून. मग आंघोळ करून पोत्यांबरोबर टेम्पोत चढले. मी कधी माल घेऊन जात नसे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, उतर म्हणाले नाहीत.

दुकानात सोयाबीनची गर्दी होती. रस्त्यापर्यंत पोती लागली होती. मामाने लांबूनच हाक मारली.

"काय वो भाची, आणला का कप?"

"पयले मले तोला, मामा."

"हटा गा," तो गर्दीला म्हणाला. गर्दी हटली. मी चपला काढल्या आणि पाट्यावर चढले. त्याने वजनं लटकवली, दांडी तोलली आणि ओरडला, "अठ्ठावन्न! वा."

मी उतरले नाही.

"काल सकाळी अमरावतीत एकसष्ट भरली," मी म्हटलं. मैदानावर चढाई करणाऱ्या मुलीला ऐकू जावं इतक्या आवाजात. "सरकारी काटा होता. साऱ्या टीमसमोर भरली. एका किलोसाठी मले खेळू नाई देलं."

कुणी हसलं नाही. बाबा टेम्पोजवळ पहिलं पोतं पाठीवर घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले.

"लोकं खोळंबले, बाई," मामा हळू आवाजात म्हणाला. "उतर खाली."

"आतली वजनं आणा. ज्याच्यानं ढेप इकता ते."

"काहून घराचा तमाशा करून राहिली?"

"आणा. तवर मी इथंच हाय."

मला उठवून बाजूला ठेवणं कुणाला सोपं नव्हतं. पाय रोवून उभं राहायला मी चार महिने शिकले होते. मामाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पाठीवरचं पोतं सावरलं आणि खाली पाहिलं. शेवटी तुरीबद्दल बोललेला म्हाताराच रांगेतून निघाला, गल्ल्यामागे गेला आणि तिथून एकेक करून वजनं आणून मामाच्या पायाशी ठेवू लागला. त्याला जागा ठाऊक होती.

मामाने वजनं बदलली. दांडी तोलायला या वेळी जास्त वेळ लागला. आकडा त्याने ओरडून सांगितला नाही. म्हणून तो मी सांगितला.

"एकसष्ट."

मग उतरले, चपला घातल्या आणि बाबांना म्हटलं, "आता आपलं पयलं पोतं ठेवा."